डॉक्टरांचं पोट आणि मुंबईचं स्टेअरिंग

आमच्या घरात मोटार आली ती एका कुत्र्यामुळं.

जालन्यातल्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याचे म्हातारे मॅनेजर होते. त्यांच्याकडं एक अल्सेशियन होता. तो मॅनेजरांना सोडून सगळ्यांना चावायचा आणि अधूनमधून मॅनेजरांनाही. माझे यजमान जनावरांचे डॉक्टर, मंठ्याच्या सरकारी दवाखान्यात. कशाच्या तरी मीटिंगला जालन्याला गेले असताना त्यांनी त्या कुत्र्याच्या कानातलं गळू फोडलं, आणि कुत्र्यानं चावायचं सोडून त्यांचा हात चाटला. मॅनेजरांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. पुढच्या वर्षी ते सगळं आवरून मुंबईला लेकीकडं निघाले, तेव्हा आपली गाडी भलत्याच्या हाती पडू नये म्हणून त्यांनी ती जवळजवळ फुकटात डॉक्टरांच्या गळ्यात घातली.

मी यजमानांना डॉक्टरच म्हणायचे. मी शाळेत शिकवत होते म्हणून सगळं गाव मला बाई म्हणायचं, आणि गावाबरोबर डॉक्टरही बाईच म्हणायचे. घरात तिसऱ्या माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. असे आम्ही तिघं दवाखान्याच्या आवारातल्या दोन खोल्यांत राहत होतो, आणि आता दाराशी ही गाडी.

गाडी लाल होती, वरून उघडी होती, आणि दोनच माणसांची होती. इंग्लंडातली, शर्यतीची. आत बसलं की बूड रस्त्यापासून वीतभर वर राहायचं. शेजारून बैलगाडी गेली तर बैलगाडीवाला वाकून आमच्याकडं बघायचा. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, लोकांना हसायला पुन्हा जमायला लागलं होतं, आणि आमची गाडी त्या कामाला बरी पडली. पहिल्याच दिवशी एक म्हातारबाबा आले, गाडीला दोन चकरा मारल्या आणि अगदी आदरानं म्हणाले,

"डॉक्टरसाहेब, बाकीची गाडी कवा येनार?"

आता डॉक्टरांच्या पोटाविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्या पोटामुळं झालं.

लग्नात डॉक्टर सडपातळ होते. मंठ्याला आल्यावर त्यांचा हात चांगला म्हणून नाव झालं. ज्याची गाय अडली, म्हैस अडली, तो डॉक्टरांकडं धावायचा. वासरू सुखरूप बाहेर आलं की दुसऱ्या दिवशी त्या घरून खरवस यायचा. गूळ घातलेला, वेलदोडा घातलेला, पितळी डब्यात थरथरणारा. नाही म्हटलं तर शेतकऱ्याला वाईट वाटायचं. डॉक्टर कुणालाच वाईट वाटू देत नसत. चार वर्षांत त्या परिसरातल्या प्रत्येक बाळंतपणाचा पुरावा त्यांच्या सदऱ्याखाली जमा झाला.

आणि गाडीचं जुनं स्टेअरिंग म्हणजे पुरणाची परात. एवढं मोठं, पातळ कडेचं, जागोजागी तडकलेलं आणि चिकटपट्टीनं बांधलेलं. सीट मागं सरकत नव्हती. डॉक्टर बसले की स्टेअरिंगची खालची कड पोटात रुतायची, आणि वळण घेतलं की ती कड सदऱ्याचं खालून तिसरं बटण उडवायची. रोज एक बटण. मी शाळेतून आल्यावर वह्या तपासायच्या आधी बटण लावत बसायचे. जेवणापूर्वी गाडी दोन्हीकडं वळायची. जेवून निघाले की उजवीकडं कशीबशी वळायची, डावीकडं वळवताना डॉक्टरांना श्वास धरून पोट आत घ्यावं लागायचं. एकदा श्वास पुरला नाही आणि ते नळाच्या ओट्याला धडकले.

त्या दिवशी आत्याबाई म्हणाल्या, "पोट कमी कर की रं."

"पोटाला वेळ लागतो, आई," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "स्टेअरिंग लहान करता येतं."

कॉलेजातले त्यांचे एक मित्र मुंबईला होते. त्यांना पत्र गेलं. पत्रात पोटाचा उल्लेख नव्हता. 'गाडीच्या रूपास शोभेल असं सुधारित, शर्यतीच्या धर्तीचं स्टेअरिंग पाहावं' असं होतं. ते पत्र मीच पेटीत टाकलं, आणि टाकण्याआधी वाचलंही.

महिन्याभरानं, दिवाळीच्या सुट्टीत, एसटीनं पार्सल आलं. मी बाजारात गेले होते आणि डॉक्टर गावाला गेले होते. पार्सल आत्याबाईंनी घेतलं, उघडलं. घरी आले तर पाण्याचा माठ एका नव्याकोऱ्या काळ्या चामड्याच्या गोल चकतीवर विराजमान झालेला. तीन चकचकीत दांड्या, कडेला बारीक टाक्यांची शिवण.

"बघ," आत्याबाई खुशीत म्हणाल्या, "किती दिवस म्हनून राह्यले होते, माठ डुगडुगतो, माठ डुगडुगतो. आनली शेवटी तिवई त्यानं. बराबर बुडाच्या मापाची हाय."

मी पिशवीतली भाजी निवडायला घेतली. संध्याकाळी डॉक्टर आले, पाणी प्यायला वाकले, आणि तसेच वाकलेले राहिले.

माठाखालून स्टेअरिंग काढायला अर्धा तास लागला, कारण आत्याबाई तयार नव्हत्या. "गाडीला हाय की एक! माठाला एकपन न्हाई," असं त्यांचं म्हणणं. शेवटी गाडीचं जुनं स्टेअरिंग निघेल ते त्यांना द्यायचं असं ठरलं.

ते निघेल, हे आम्ही फार सहज धरून चाललो होतो.

मंठ्यात एक मिस्त्री होते. ऑइल इंजिन दुरुस्त करणारे. आसपासच्या विहिरींवरची इंजिनं त्यांच्या हाताखालून गेलेली. कानाला तेलाचा वास यायचा इतके ते इंजिनांना कान लावून बसलेले असत. मोटार त्यांनी कधी खोलली नव्हती, पण तसं कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. गाडीजवळ आले, स्टेअरिंगवर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाले,

"डॉक्टरसाब, बिलकुल फिकर नको. मधला नट काढायचा, हे वर उचलायचं, ते वरून ठेवायचं. चहा थंड व्हायच्या आत होतंय."

त्या दिवशी मी सात वेळा चहा केला.

नट निघाला. स्टेअरिंग मात्र दांड्याला असं चिकटलं होतं की जणू दोघं एकाच झाडाचे. मिस्त्रींनी रॉकेल ओतलं. ठोकून पाहिलं. गुडघे लावून ओढलं. मग शांतपणे बसून त्यांनी गाडी बनवणाऱ्या समस्त इंग्रजांविषयी चार शब्द काढले. तोपर्यंत दवाखान्यात आलेले लोक आपापली जनावरं बाभळीला बांधून गाडीभोवती जमले होते. एकानं आपली बैलजोडी जुंपायची तयारी दाखवली.

डॉक्टर इतका वेळ कमरेवर हात ठेवून बघत होते. एकाएकी त्यांचा चेहरा उजळला. असा चेहरा उजळला की मला भीती वाटायची.

"मिस्त्री," ते म्हणाले, "हे अडलंय."

"तेच म्हनतो की मी."

"तसं न्हाई. हे *अडलंय*. बाई, माझी दोरी आणा."

अडलेलं वासरू ओढायच्या दोऱ्या त्यांच्या पेटीत असायच्या, उकळून वाळवलेल्या, मऊ. त्यांनी त्या स्टेअरिंगच्या दांड्यांना बांधल्या, वासराच्या पुढच्या पायांना बांधतात तशा, अगदी तीच गाठ. दोऱ्या सीटवरून मागं घेतल्या. गाडीच्या मागं मिस्त्री आणि मी उभे राहिलो. मला का उभं केलं हे विचारायची सोय नव्हती, डॉक्टर कामाला लागले होते. ते स्वतः सीटवर बसले आणि स्टेअरिंग धरून डावी-उजवीकडं हलकेच हलवू लागले.

"खांदे मोकळे करावे लागतात," त्यांनी जमलेल्या लोकांना समजावलं. लोकांनी माना हलवल्या. त्यांना ते पटत होतं. "आता मी सांगेन तेव्हा ओढायचं. कळ आली की. मधेच न्हाई."

"साब," मिस्त्री म्हणाले, "गाडीला कळ कशी येनार?"

"मला कळतं. थांबा... थांबा... आली! ओढा!"

आम्ही ओढलं. काही नाही.

"सोडा. दम घेऊ द्या तिला."

कुणीतरी मागून म्हणालं, "पाठीवरून हात फिरवा, साहेब." डॉक्टरांनी खरंच बॉनेटवर हात फिरवला. त्यांना आठवत नाही, पण मी पाहिलंय.

चौथ्या कळेला ते निघालं. निघालं म्हणजे सुटलंच. 'ठक्' असा आवाज झाला, मिस्त्री आणि मी मागच्या मागं शेणाच्या ढिगात जाऊन बसलो, आणि ती परात डॉक्टरांच्या पोटावर आदळून थांबली. पोटानं मार झेलला, पण उजवं मनगट दांडी आणि गाडीच्या दाराच्या मधे सापडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर "निघालं, निघालं!" म्हणून ओरडले आणि मग "आई गं" म्हणाले.

मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. त्यांनी माणसांच्या डॉक्टरकडं जायला साफ नकार दिला. बैलाच्या पायाला लावायच्या बांबूच्या पट्ट्या काढल्या, मला सांगून सांगून बांधून घेतल्या, आणि स्वतःच्या नावानं दवाखान्याच्या कागदावर लिहून ठेवलं: विश्रांती, गरम पाण्याचा शेक, कामाला जुंपू नये.

जुनं स्टेअरिंग आत्याबाईंनी ताबडतोब आत नेलं. माठ त्यावर बसेना, फार मोठं होतं. मग त्यांनी ते खुंटीला अडकवून त्यावर लुगडं वाळत घातलं.

नवं मात्र गाडीच्या दांड्यावर बसेना. मधलं भोक वेगळं, दाते वेगळे. मिस्त्री ते घेऊन जालन्याला एका लेथवाल्याकडं गेले आणि तीन दिवसांनी मधे एक जाडजूड लोखंडी चकती घालून आले. ती इतकी जाड होती की ऑइल इंजिनाचा एखादा भाग त्यात खर्ची पडला असावा. पण बसलं. दिसलंही सुरेख. लहान, काळं, आटोपशीर. डॉक्टर सीटवर बसले आणि पोट व स्टेअरिंग यांच्यामध्ये तळहाताएवढी फट राहिली. ती फट त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावून दाखवली.

मिस्त्रींनी चाकाखाली ठेवायला लिंबू मागितलं. आत्याबाई दारातून म्हणाल्या, "लिंबू-बिंबू आपल्यात न्हाई. आपन बुद्धाची मान्सं. लिंबू हायेत घरात, पन ते सरबताचे." मिस्त्रींनाही सरबत जास्त पसंत पडलं. दोन ग्लास प्यायले.

जाताना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, हॉर्नची तार जरा आखूड पडलीये, त्यामुळं स्टेअरिंग डावीकडं फिरवलं की हॉर्न आपोआप वाजतो. "खराबी न्हाई ती, सोय हाय," असं म्हणाले. दुसरी गोष्ट डॉक्टरांच्या कानात सांगितली. ती मला चोवीस तासांनी कळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला एक शेतकरी सायकल हाणत आला. घामानं निथळत होता. आठ मैलांवरच्या गावात त्याची म्हैस पहाटेपासून अडलेली. पहिलीच वेळ तिची. एसटी दुपारनंतर. डॉक्टरांनी हाताकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं, आणि मग माझ्याकडं पाहिलं.

"न्हाई," मी म्हणाले.

"बाई, तुम्ही फक्त स्टेअरिंग धरायचं आणि पाय हलवायचे. गिअर मी टाकतो. डोकं माझं, हात-पाय तुमचे."

"मी सायकलसुद्धा चालवलेली न्हाई."

"सायकलला तोल लागतो. हिला चार चाकं हायेत, ही कुठं पडतीय?"

शेतकरी बिचारा हात जोडून मधेच उभा. त्याच्या चेहऱ्याकडं बघवेना. मी साडीचा पदर खोचला. पाय पोचेनात म्हणून पाठीमागं दोन उशा आणि सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ठेवला, आणि बसले. आत्याबाईंनी दारात उभं राहून 'बुद्धं सरणं गच्छामि' असं त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. तिथंच मला घाम फुटला.

डॉक्टर डावीकडं बसले. गिअरचा दांडा मधे, म्हणजे त्यांच्या दुखऱ्या हाताशी. डावा हात पोटावरून आडवा आणून ते गिअर टाकायचे, आणि दर वेळी पोटाला वळसा घालताना "हुं" असा आवाज काढायचे. "क्लच! दाबा! हुं! सोडा, हळू सोडा, हळ्ळू!" गाडीनं बेडकासारख्या चार उड्या मारल्या आणि मग ती चालू लागली. मीही आश्चर्यानं बघत राहिले. सायकलवाला पुढं, आम्ही मागं, आणि आमचा वेग जेमतेम त्याच्याएवढाच होता.

नवं स्टेअरिंग दिसायला नाजूक, पण फिरवायला जात्यासारखं. जुनं मोठं होतं म्हणून हलकं जायचं. हे फिरवायला अंगाचा सगळा भार एका बाजूला टाकावा लागायचा. उजवीकडं वळताना मी दाराबाहेर लोंबायचे, डावीकडं वळताना डॉक्टरांच्या मांडीवर जायचे. त्यात डावं वळण आलं की हॉर्न. तो हॉर्न मॅनेजरांनी कुठल्या तरी जहाजावरून काढून आणला असावा असाच होता. पहिल्याच डाव्या वळणावर शेळ्यांचा कळप रस्ता सोडून थेट बांधापलीकडं गेला. राखणाऱ्या बाईनं आधी आम्हाला शिवी दिली, मग मला बघून "अगं बाई, बाई हायेत की!" म्हणून पदर तोंडाला लावला. तिची पोरगी माझ्या वर्गात होती.

पाचव्या मैलाला मला ते आवडायला लागलं. खरं सांगते. ऊन कोवळं होतं, दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस होता, तोंडावर वारा येत होता, आणि गाडी मी नेत होते. मी जराशी पुढं झुकले, दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरून आपल्याकडं ओढलं, आणि ते आलं.

पूर्ण आलं. हातात.

मी ते समोर धरून क्षणभर बघत राहिले. पुढं नुसता दांडा उरला होता.

"अहो," मी म्हणाले, "हे निघालं."

डॉक्टर रस्त्याकडं बघत होते. "काय निघालं?"

"हेच."

त्यांनी पाहिलं. "कळ न येता?" असं त्यांच्या तोंडून निघून गेलं. मग म्हणाले, "परत बसवा, बाई. जल्दी."

गाडी तोवर आपल्या मनानं रस्ता सोडून उतरायला लागली होती. मी ब्रेक म्हणून क्लच दाबला. गाडी उतारावरून अलगद, अजिबात घाई न करता, एका कापसाच्या शेतात शिरली. पऱ्हाट्या दोन्ही बाजूंनी वाकत होत्या आणि उघड्या गाडीत बोंडं येऊन पडत होती. डॉक्टरांच्या केसांत, माझ्या मांडीवर, सगळीकडं कापूस. काळ्या मातीत चाकं रुतली आणि गाडी थांबली.

कापूस वेचणाऱ्या दहा-बारा बाया पोटाशी ओट्या बांधून आमच्याकडं बघत उभ्या होत्या. त्यांतल्या एकीनं विचारलं,

"बाई, तुम्ही इकडं कुठं?"

माझ्या हातात स्टेअरिंग होतं. मी ते जरा खाली घेतलं आणि म्हणाले, "म्हैस अडलीये."

ह्या उत्तरानं त्यांचं समाधान झालं. कुणाचीही म्हैस अडणं ही समजण्यासारखी गोष्ट होती.

तेव्हा डॉक्टरांनी ती दुसरी गोष्ट सांगितली. मिस्त्री बजावून गेले होते की नट सध्या हातानंच लावलाय, उद्या येऊन पान्यानं कसतो, तोवर गाडी हलवू नका.

"आणि तुम्ही हे विसरलात?"

"विसरलो न्हाई," डॉक्टर म्हणाले. "घाबराल म्हणून सांगितलं न्हाई."

मी त्यांना काय म्हणाले ते लिहीत नाही. वेचणाऱ्या बायांनी मात्र ते बरेच दिवस जपून ठेवलं.

नट माझ्या पायाशी सापडला. पाना नव्हता. डॉक्टरांनी आपली पेटी डाव्या हातानं उपसली आणि बैल खच्ची करायचा तो मोठा लोखंडी चिमटा बाहेर काढला. बायांत एकदम खसखस पिकली. मी लाजायच्या पलीकडं गेले होते. स्टेअरिंग दांड्यावर बसवलं, नट लावला, चिमट्याच्या जबड्यात धरला आणि दात-ओठ खाऊन आवळला. दोन वेळा चिमटा निसटला, तिसऱ्यांदा पकड बसली. डॉक्टर शेजारून "हां, आता सुटणार न्हाई, तिथल्या तिथं धरा" असं नेहमीच्या सरावानं सांगत होते, आणि बाया एकमेकींच्या पाठीत तोंड खुपसून हसत होत्या.

मग त्या बायांनी ओट्या सोडून ठेवल्या, साड्या खोचल्या, गाडीच्या चारी बाजूंना उभ्या राहिल्या आणि "हं, घ्या गं" म्हणून गाडी सरळ उचलली. डॉक्टरांना आधी उतरवावं लागलं, हे मात्र खरं. गाडी रस्त्यावर ठेवून त्या पुन्हा वेचणीला गेल्या. सायकलवाला शेतकरी पुढच्या वळणावर थांबून आमची वाट बघत रडकुंडीला आला होता.

गावात पोचलो तर म्हैस गोठ्यात आडवी, डोळे फिरवलेले. डॉक्टरांनी एका हातानं तपासलं. नेहमीचे ते हसरे डॉक्टर आता नव्हते. रेडकाची मान मागं वळलेली होती. आत हात घालून ती सरळ करायला पाहिजे होती, त्यांचा डावा हात आत नीट फिरत नव्हता आणि उजवा बांबूत. तिथल्या गड्यांचे हात पहिलटकरणीला फार जाड होते. डॉक्टरांनी माझ्या बांगड्यांकडं पाहिलं.

ह्या वेळी मी 'न्हाई' म्हणाले नाही. का, ते आजही नीट सांगता येत नाही. बांगड्या उतरवल्या, साबणानं खांद्यापर्यंत हात धुतला, गोडंतेल लावलं आणि म्हशीच्या मागं गुडघ्यांवर बसले. आत इतकी ऊब असेल असं वाटलं नव्हतं. बोटांना आधी काही कळेना. मग एक ओलं नाक लागलं, आणि ते हललं.

"जिवंत आहे!" मी ओरडले.

"असणारच. आता जबड्याखाली हात घाला. घातला? ती कळ देईल तेव्हा थांबायचं. आता डावीकडं वळवा. हळू. अजून डावीकडं."

मी डावीकडं वळवलं, आणि सवयीनं हॉर्नची वाट पाहिली. तेवढ्यात म्हैस अशी काही रेकली की मी दचकून "वाजला!" म्हणाले. डॉक्टर हसायला लागले. मला हसू आवरेना. घरधनी आमच्याकडं बघून हादरला, त्याची म्हैस मरायला टेकलेली आणि सरकारी डॉक्टर बायकोसकट खिदळतायत.

"आता सरळ," डॉक्टर डोळे पुसत म्हणाले. "सरळ घ्या. आली वाटेवर."

मान सरळ झाली. दोऱ्या लावल्या, गड्यांनी ओढलं, आणि वगार, म्हशीची लेक, बाहेर आली. काळीभोर, चिकट, कान लोंबणारी. डॉक्टरांनी डाव्या हातानं तिचं नाक साफ केलं, आणि ती शिंकली. म्हैस मान वळवून तिला चाटायला लागली. मी तिथंच भिंतीला टेकून बसले. घरधन्याच्या बायकोनं पाणी आणून माझा हात स्वतः धुतला, एक एक बोट चोळून, आणि बांगड्या पुन्हा चढवून दिल्या.

परतताना डॉक्टर म्हणाले, "कॉलेजात पहिल्यांदा मला हे जमलं नव्हतं. मास्तरांनी वर्गाबाहेर काढलं होतं." आणि "हुं" करून तिसरा गिअर टाकला.

मिस्त्रींनी त्याच संध्याकाळी येऊन नट पान्यानं कसायला घेतला, आणि तो तसूभरही फिरेना. "कुनी कसला हो हा?" त्यांनी विचारलं. चिमटा दाखवल्यावर त्यांनी कानाला हात लावले. हॉर्नची तार लांब करतो म्हणाले, पण डॉक्टर नको म्हणाले. एका दिवसात तो हॉर्न सगळ्यांच्या ओळखीचा झाला होता. हॉर्न वाजवत डावीकडं वळणारी गाडी म्हणजे डॉक्टरांची.

महिनाभर मीच गाडी चालवली. सुट्टी संपल्यावर शाळेआधी आणि शाळेनंतर. गिअरही टाकायला शिकले, तेव्हा डॉक्टरांचं कामच उरलं नाही. ते शेजारी बसून लोकांना हात करायचे.

एका रविवारी सकाळी मी गाडीत बसून स्टेअरिंग पुसत होते. आत्याबाई बाहेर आल्या. ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलेल्या, डोक्यावरून पदर घेऊन तो हनुवटीखाली गाठ मारून बांधलेला, हातात पिशवी.

"परतूरला बहिनीकडं जायचंय मला," त्या म्हणाल्या. "चल."

डॉक्टर लगबगीनं बाहेर आले. "थांब आई, मी सदरा घालतो. आणि हे बघ, हात बरा झाला माझा." त्यांनी मनगट फिरवून दाखवलं. खरंच बरं झालं होतं.

आत्याबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं. दोन सीटा. एकीवर मी बसलेलीच होते. त्या सावकाश दार उघडून दुसरीवर बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली.

"दोघींचीच जागा हाय," त्या म्हणाल्या. "तू घरी ऱ्हा. भाकरी टोपल्यात हायेत."

मी गाडी सुरू केली. आवाराच्या फाटकातून बाहेर पडताना मागं पाहिलं, तर डॉक्टर एक बाही घातलेल्या सदऱ्यात उभे होते आणि दुसरी बाही शोधत होते.

"पुढं बघ," आत्याबाई म्हणाल्या. "आन जरा जोरात घे."